भाव दिसतो, गिऱ्हाईक दिसत नाही

बँकेत मी एकतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी कर्जविभागात. कर्ज मागायला येणारा माणूस तारण म्हणून काही ना काही घेऊन येतो. सोनं, घर, शेत, विम्याची पॉलिसी, शेअर. त्या वस्तूची एक किंमत त्याच्या मनात ठरलेली असते आणि ती त्याला अगदी खरी वाटत असते. माझे पहिले साहेब सांगायचे, ‘किंमत नंतर विचार. आधी हे विचार, की उद्या ही वस्तू विकायची वेळ आली तर घेणार कोण, किती दिवसांत घेणार आणि घाईत विकली तर हातात किती पडणार?’ सोन्याची बांगडी असेल तर कुठल्याही गावातला सराफ त्याच दिवशी पैसे मोजतो. फ्लॅटला गिऱ्हाईक मिळायला सहा महिने लागतात. भाऊबंदकीत अडकलेल्या जमिनीची कागदावरची किंमत कितीही असो, तिला गिऱ्हाईकच नसतं.

निवृत्तीनंतर हे सगळं विसरायला झालं होतं. पण दोन वर्षांपूर्वी गणपतीत माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा घरी आला आणि त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. ‘मामा, हे बघा.’ त्याने एका लहानशा क्रिप्टोकरन्सीत एक लाख ऐंशी हजार रुपये घातले होते. आईच्या घरावर स्लॅब टाकायला साठवलेले पैसे होते ते. मोबाइलवर त्यांचे सहा लाख चाळीस हजार झालेले दिसत होते. तो म्हणाला, ‘स्लॅब काय, वरची खोलीसुद्धा निघेल आता.’ मी विचारलं, ‘यातले हातात किती येतील?’ तो हसला. ‘मामा, आकडा समोर दिसतोय की.’

त्या आकड्याबद्दलच आज मला बोलायचं आहे. क्रिप्टोकरन्सी, म्हणजे आपली वर्तमानपत्रं जिला कूटचलन किंवा आभासी चलन म्हणतात ती, घ्यावी की घेऊ नये, हे मी सांगणार नाही. पण एखादं असं नाणं समोर आलं, तर त्याची पारख कशी करायची, एवढं सांगता येईल. पारखण्याच्या गोष्टी तीन. त्याची बाजारातली कामगिरी, त्याची तरलता म्हणजे ते विकून रोख पैसे करण्याची सोय, आणि त्यातली जोखीम.

आधी ही वस्तू आहे काय, ते पाहू. जगभरच्या असंख्य संगणकांवर एकच खातेवही ठेवलेली असते. कोणाकडून कोणाकडे किती नाणी गेली, याची नोंद त्या वहीत होते. बिटकॉइन हे यातलं पहिलं यशस्वी नाणं, जानेवारी २००९ मध्ये सुरू झालेलं. एकूण २ कोटी १० लाखांपेक्षा जास्त बिटकॉइन कधीच निघणार नाहीत, असा त्याचा नियम आहे. त्यानंतर हजारो नाणी निघाली. प्रत्येकाचे नियम वेगळे. शेअर घेतला तर त्यामागे कारखाना असतो, नफा असतो, लाभांश मिळतो. घर घेतलं तर भाडं येतं. बहुतेक कूटचलनांमागे असं काहीच नसतं. पुढचा माणूस जितके देईल तितकीच त्याची किंमत. म्हणून पुढचा माणूस आहे की नाही, हा प्रश्न इथे इतर कुठल्याही बाजारापेक्षा महत्त्वाचा ठरतो.

आता कामगिरी. जाहिरातीत दिसतं, ‘वर्षात पाचपट’. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, हे विचारल्याशिवाय अशा वाक्याला अर्थ नसतो. बिटकॉइनचंच घ्या. डिसेंबर २०१७ मध्ये एका बिटकॉइनचा भाव २० हजार डॉलरच्या जवळ पोचला होता. वर्षभरात तो साधारण ३,२०० डॉलरवर आला. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो ६९ हजारांच्या आसपास गेला आणि पुढच्याच नोव्हेंबरात १६ हजारांच्या खाली उतरला. डिसेंबर २०२४ मध्ये त्याने एक लाखाचा टप्पा ओलांडला. आता यातल्या तळाच्या तारखेपासून मोजलं तर कामगिरी डोळे दिपवणारी दिसते आणि शिखरापासून मोजलं तर घाम फुटतो. दोन्ही आकडे खरेच. म्हणून एकच तारीख धरू नका. चांगला काळ आणि वाईट काळ, दोन्ही पोटात घेणारी चार-पाच वर्षं पाहा, आणि सगळ्यात मोठी पडझड किती होती ते आधी पाहा.

इथे शाळेतलं साधं गणित कामाला येतं. शंभर रुपयांची वस्तू ८० टक्के पडली की वीस उरतात. पुन्हा शंभर व्हायला ती ८० टक्के वाढून चालत नाही, ४०० टक्के वाढावी लागते. बिटकॉइनने अशा घसरणींतून आजवर डोकं वर काढलं. पण त्याच्याबरोबर पडलेली कितीतरी छोटी नाणी पुन्हा उठलीच नाहीत. जी मेली ती यादीतून गेली, आणि आज यादी पाहणाऱ्याला फक्त जगलेली दिसतात. मॅरेथॉन पुरी केलेल्यांनाच विचारून शर्यत सोपी होती की अवघड हे ठरवावं, तसा हा प्रकार.

दुसरा फसवा आकडा म्हणजे बाजार भांडवल. शेवटच्या सौद्याचा भाव गुणिले चलनात असलेली सगळी नाणी, असा त्याचा हिशोब. ऐकायला भारदस्त वाटतो. समजा, मी आज रात्री बसून शंभर कोटी नाणी तयार केली. हे अशक्य नाही, त्यासाठी फारसे पैसेही लागत नाहीत. सकाळी त्यातलं एक नाणं मित्राला दहा रुपयांना विकलं. झालं, माझ्या नाण्याचं बाजार भांडवल एक हजार कोटी रुपये! प्रत्यक्षात बाजारात आले किती? दहा रुपये.

आपल्या शेतकऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. बाजार समितीचे भाव रोज छापून येतात. किमान, कमाल आणि सर्वसाधारण. लासलगावला कांद्याचा कमाल भाव अमुक होता, हे वाचून कोणी आपल्या चाळीतल्या सगळ्या कांद्याला तो भाव लावत नाही. तो भाव एखाद्या ट्रॉलीला मिळालेला असतो. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनीच ट्रॉल्या आणल्या तर काय होतं, तेही त्याला माहीत असतं. क्रिप्टोच्या पडद्यावरचा भाव म्हणजे शेवटच्या ट्रॉलीचा भाव. त्याने तुमच्या सगळ्या नाण्यांना गुणून तो मोबाइल तुम्हाला लखपती करून दाखवतो.

म्हणूनच माझ्या मते पारखण्याच्या तिन्ही गोष्टींत तरलता सर्वांत महत्त्वाची, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं. ती समजून घ्यायला ऑर्डर बुक नावाची यादी उघडावी लागते. घेणारे कोणत्या भावाला किती नाणी घ्यायला तयार आहेत आणि विकणारे कोणत्या भावाला किती द्यायला तयार आहेत, हे त्या यादीत दिसतं.

एक कल्पित उदाहरण घेऊ. तुमच्याकडे ८,५०० नाणी आहेत. शेवटचा सौदा दहा रुपयांना झाला, म्हणून मोबाइलवर ८५,००० रुपये दिसतात. आता यादी पाहा. नऊ रुपये नव्वद पैशांना ५०० नाणी घेणारा कोणी आहे. साडेनऊला १,०००. आठ रुपयांना २,०००. त्याखाली थेट पाच रुपयांना ५,०००. तुम्ही सगळी नाणी एकदम विकलीत तर पहिल्याकडून ४,९५० येतील, दुसऱ्याकडून ९,५००, तिसऱ्याकडून १६,००० आणि चौथ्याकडून २५,०००. एकूण ५५,४५०. पडद्यावरचे सुमारे ३५ टक्के वाटेतच गेले. कोणी चोरी केली नाही, कोणी फसवलं नाही. गिऱ्हाईकच तेवढं होतं. आणि तुमच्या विक्रीनंतर नवा भाव पाच रुपये किंवा त्याहून खाली, म्हणजे तुमच्यासारखंच नाणं धरून बसलेल्या बाकीच्यांच्या मोबाइलवरची श्रीमंतीही निम्म्यावर आली.

बिटकॉइनसारख्या मोठ्या नाण्यात घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा भाव यांत एरवी नगण्य अंतर असतं. छोट्या नाण्यात हेच अंतर पाच-दहा टक्के असू शकतं. ते अंतर आणि खालच्या भावांना किती गिऱ्हाईक उभं आहे, या दोन गोष्टी पाहिल्या की निम्मी पारख झाली.

कोणी म्हणेल, रोजची उलाढाल पाहिली की कळेलच की! कळेल, पण उलाढालीचा आकडा खरा असेल तर. एकाच माणसाने दोन खाती उघडून आपलाच माल आपल्यालाच विकला, तरी उलाढाल वाढलेली दिसते. मार्च २०१९ मध्ये बिटवाइज या अमेरिकन कंपनीने तिथल्या शेअर बाजार नियामकापुढे एक अहवाल ठेवला. त्यात म्हटलं होतं, की बिटकॉइनच्या जाहीर होणाऱ्या उलाढालीतली सुमारे ९५ टक्के उलाढाल बनावट किंवा अर्थशून्य आहे. सगळ्यांत मोठ्या नाण्याची ही गत, मग छोट्यांचं काय बोलावं! जत्रेत पाळण्याभोवती गर्दी दिसावी म्हणून मालकाने आपलीच माणसं रांगेत उभी करावीत, तसं हे.

गिऱ्हाईक अजिबातच नसलं तर काय होतं, त्याचं एक टोकाचं उदाहरण २०२१ मध्ये घडलं. ‘स्क्विड गेम’ ही कोरियन मालिका तेव्हा जगभर गाजत होती. तिचं नाव लावून कोणीतरी एक नाणं काढलं. मालिकेशी त्याचा काही संबंध नव्हता. ऑक्टोबरच्या अखेरीस एक सेंटच्या आसपास असलेला भाव १ नोव्हेंबरला २,८०० डॉलरच्या वर गेला. लोक खुळावले. पण घेतलेलं नाणं विकता येत नाही, अशा तक्रारी येत होत्या. आत यायला दार होतं, बाहेर पडायला नव्हतं. विकणाराच नाही, तर भाव पडेल कसा? तो चढतच गेला. मग नाणं काढणाऱ्यांनी जमा झालेले तेहतीस लाखांहून अधिक डॉलर उचलले आणि काही मिनिटांत भाव शून्याला टेकला. ‘रोज चढतं आहे’ ही कामगिरी दिसत होती, पण ती कामगिरीच त्या नाण्याचा आजार होती.

आता जोखीम. भाव वरखाली होण्याची जोखीम सगळ्यांना माहीत असते. पण तिच्या मागे आणखी काही जोखमी उभ्या असतात.

पहिली, तरलता आटण्याची. गिऱ्हाईक शांत दिवसांत भरपूर असतं आणि नेमकं आपल्याला गरज असते तेव्हा नाहीसं होतं. १२ मार्च २०२० ला, करोनाच्या धास्तीने जगभरचे बाजार कोसळले, त्या एका दिवसात बिटकॉइनचा भाव एक तृतीयांशाहून अधिक पडला. तेव्हा मोठं नाणं विकता येतं हे खरं, पण हव्या त्या भावाला विकता येतं असं नाही.

दुसरी, नाण्याच्या रचनेतली. २०२२ च्या एप्रिलमध्ये लुना नावाचं नाणं पहिल्या दहांत होतं, भाव ११९ डॉलरपर्यंत गेलेला. त्याचं एक जुळं नाणं होतं, टेरायूएसडी. ते नेहमी एका डॉलरला राहील, असा वायदा होता. भाव घसरला तर एक टेरायूएसडी देऊन एका डॉलरची नवी लुना घेता येत असे. शिवाय टेरायूएसडीवर वीस टक्क्यांच्या आसपास व्याज. आम्ही बँकवाले अशा व्याजाचा आकडा ऐकला की खुर्चीत सरळ बसतो. मे महिन्यात लोकांचा विश्वास उडाला आणि सगळे एकदम बदलून घ्यायला धावले. जितकी नवी लुना निघाली तितका तिचा भाव पडला, आणि जितका भाव पडला तितकी प्रत्येक डॉलरमागे जास्त लुना काढावी लागली. आठवडाभरात सुमारे ३५ कोटी लुनांच्या साडेसहा लाख कोटी झाल्या आणि भाव सेंटच्याही कितीतरी खाली गेला. दोन्ही नाणी मिळून सुमारे ४,००० कोटी डॉलरचं बाजारमूल्य पुसलं गेलं. जगभरच्या लोकांनी त्यात आयुष्याची पुंजी घातली होती. संस्थापक डो क्वोन याने ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयात फसवणुकीचा गुन्हा कबूल केला.

तिसरी जोखीम माझ्या जुन्या धंद्यातली, तारणाची. एफटीएक्स हा जगातल्या मोठ्या क्रिप्टो बाजारमंचांपैकी एक होता. त्याने स्वतःचं एक नाणं काढलं होतं, एफटीटी. त्याच मालकाची अलामेडा ही दुसरी कंपनी. नोव्हेंबर २०२२ च्या सुरुवातीला तिचा ताळेबंद बाहेर आला. १,४६० कोटी डॉलरच्या मालमत्तेत सर्वांत मोठी रक्कम कशाची होती? एफटीटीची. म्हणजे घरच्याच छापखान्यात छापलेलं नाणं, त्याला पडद्यावरचा भाव लावलेला आणि तेच तारणातही धरलेलं. एवढा माल घेणारं गिऱ्हाईक बाजारात नव्हतंच. ६ नोव्हेंबरला बायनान्स या प्रतिस्पर्धी मंचाच्या प्रमुखाने आपल्याकडची एफटीटी विकणार असल्याचं जाहीर केलं. दोन दिवसांत भाव २२ डॉलरवरून पाचच्या खाली आला आणि ११ नोव्हेंबरला एफटीएक्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. ग्राहकांचे पैसे परस्पर वापरले गेले होते हेही उघड झालं. मालक सॅम बँकमन-फ्राइड याला मार्च २०२४ मध्ये पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. माझ्या पहिल्या साहेबांचा तो प्रश्न तिथे कोणी वेळेवर विचारला असता, तर!

चौथी जोखीम, नाणी ठेवता ती जागा. बँकेतल्या ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. क्रिप्टो मंचावरच्या नाण्यांना असं संरक्षण नाही. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय मंचावरून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली. ज्यांनी चांगलं, मोठं, तरल नाणं पारखून घेतलं होतं, त्यांचेही पैसे अडकले. नाणं तरल होतं, पण ती तिजोरी बंद होती.

आणि पाचवी, कराची. १ एप्रिल २०२२ पासून आपल्याकडे क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि वर उपकर लागू झाला, आणि १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर एक टक्का उगमापाशी कपात. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा करायला परवानगी दिलेली नाही. एकात पन्नास हजार मिळाले आणि दुसऱ्यात पन्नास हजार गेले, तर तुमच्या लेखी काहीच मिळालं नाही. कराच्या लेखी मात्र पंधरा हजार आणि उपकर देणं निघतं. कामगिरीचा कुठलाही आकडा हे वजा केल्याशिवाय खरा नाही.

माझ्या भाच्याला मी त्या दिवशी एवढंच म्हटलं, ‘सगळं नको, पाव हिस्सा विकून दाखव.’ पडद्यावर त्या पाव हिश्श्याचे एक लाख साठ हजार दिसत होते. त्याने बटण दाबलं. हातात आले चौऱ्याण्णव हजार. राहिलेल्या हिश्श्याचे आधी चार लाख ऐंशी हजार दिसत होते, ते आता दोन लाख दहा हजार दिसू लागले. त्याच्याच विक्रीने भाव पाडला होता. तो बराच वेळ काही बोलला नाही. पुढचे दोन आठवडे थोडं थोडं करत त्याने उरलेलं विकलं, त्याचे एकाहत्तर हजार आले. म्हणजे एकूण एक लाख पासष्ट हजार. घातलेल्या पैशांपेक्षा पंधरा हजार कमी. महिन्याभरात त्या नाण्याला विचारणारं कोणी उरलं नाही. तो सुटला म्हणायचा, पण सहा लाख चाळीस हजार गमावल्याची हळहळ त्याला कितीतरी दिवस होती. ते पैसे कधी होतेच कुठे, हे त्याला पटायला वेळ लागला.

तेव्हा असं नाणं कोणी सुचवलं, तर कागद-पेन्सिल घेऊन बसा. वाईटात वाईट वर्षात ते किती पडलं? एकूण नाणी किती आणि त्यातली मूठभर लोकांच्या हातात किती? मला जेवढं विकायचं आहे तेवढं आजच्या भावाच्या जवळपास घेणारं गिऱ्हाईक यादीत दिसतं का? दिसत असलं तरी थोडं घेऊन, थोडं विकून, पैसे आपल्या बँकखात्यात आले का ते पाहा. नाणी कोणाच्या ताब्यात राहणार? कर कापून काय उरेल? आणि सगळे गेले तर घरातलं कुठलं काम अडेल? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर स्लॅब, फी किंवा औषध असं असेल, तर बाकीचे प्रश्न विचारायची गरजच नाही.

बहिणीच्या घरावर स्लॅब पडला, पण त्या वर्षी नाही, पुढच्या उन्हाळ्यात. कमी पडलेले पैसे भाच्याने पगारातून साठवले. परवा त्याच्या एका मित्राने त्याला नवीन नाणं दाखवलं. तीन महिन्यांत तिप्पट. भाच्याने त्याला काय विचारलं, ते त्याने मला फोनवर सांगितलं. ‘मामा, मी म्हटलं, यातले हातात किती येतील?’

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)